उंटाच्या टोपणाबाबत खुलासा मागविण्याविषयी

नाशिक,
रविवार, दि. १० ऑक्टोबर २००४

श्री. गोरक्षराव यांस,

चिमाजीचा नमस्कार. ('सप्रेम' हा शब्द विचारांती वगळला आहे, कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा, उज्वलाताईंचा रक्तदाब आणि कळवणच्या घरामागची डाळिंबे यांची प्रकृती ठीक असावी, अशी अपेक्षा करतो. माझी उत्तम आहे. फक्त लंकाबाईच्या आमटीत गेली दोन वर्षे मीठ जास्त पडते. याबाबत मी तिला तीनदा तोंडी व एकदा लेखी समज दिली. (तिला वाचता येत नाही, म्हणून लेखी समज मीच वाचून दाखवली. तिने 'बरं' म्हटले आणि दुसऱ्या दिवशी आमटी तितकीच खारट होती.)

प्रथम वस्तुस्थिती क्रमाने मांडतो, म्हणजे तुम्हाला मध्येच उठून तंबाखू मळायला जाता येणार नाही. एक : माझी पत्नी व तुमची मेहुणी ज्योत्स्ना जुलै २००२ मध्ये गेली. दोन : त्यापूर्वी सव्वीस वर्षे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुम्ही कळवणहून येत होतात, पिशवीत वर भाजी व खाली बाटली असे, आणि आपण दोघे साडू साडेसात ते नऊ या वेळात मोजून दोन पेले घेत होतो. तीन : तो माल देवळालीच्या मिलिटरी कँटीनचा असून एका सुभेदाराच्या ओळखीने मिळतो, असे तुम्ही सांगत होतात, आणि तो माझ्यापुढे नेहमी सरबताच्या बाटलीतून येई, कारण बसमध्ये पिशवी उघडी पडली तर शोभा नको, असे मला सांगण्यात आले होते. चार : मी त्या मालाला दर वेळी शंभरपैकी गुण देत असे आणि ते पस्तिसाच्या वर कधीही गेले नाहीत. पाच : दुखवट्याच्या वर्षात बाटली आली नाही; वर्षश्राद्धाच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर तुम्ही पिशवीत हात घातलात, तेव्हा मी म्हणालो की, ही पस्तीस गुणांची बाटली आता कोणासाठी आणायची, जिच्या आग्रहाखातर मी ती सोसत होतो, ती तर गेली. सहा : तुम्ही हात रिकामाच बाहेर काढलात, टोपी घातलीत आणि साडेपाचच्या कळवण गाडीने निघून गेलात. त्यानंतर पंधरा शनिवार रिकामे गेले. (हे केवळ पहिले शनिवार. बाकीचे मी मोजत नाही.)

या वस्तुस्थितीत माझा दोष किती व तुमचा किती, हा भाग मी तूर्त न्यायप्रविष्ट समजतो. माझ्यापुढे उभा राहिलेला प्रश्न निराळाच होता. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी माझ्या ध्यानात आले की, मी आयुष्यात बाटली विकत घेतलेलीच नाही. ती आपोआप येते, अशी माझी समजूत होती. जसे दूध येते, वर्तमानपत्र येते. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने किण्वन आणि ऊर्ध्वपातन तेहेतीस वर्षे शिकवावे आणि बाटली कोणत्या खिडकीवर मिळते हे त्याला ठाऊक नसावे, ही गोष्ट मला अपमानास्पद वाटली. म्हणून मी रीतसर संशोधन हाती घेतले. निवृत्तिवेतनातून या सदराखाली महिन्याला तीनशे रुपयेच निघतात. (ज्योत्स्नाच्या आजारपणात जे गेले त्याचे मला दुःख नाही. ते तेवढेच का होते, याचे आहे.) तेव्हा संशोधनाचा विषय ठरला : मर्यादित अंदाजपत्रकात घेण्याजोगे मद्य व न घेण्याजोगे मद्य.

पहिले काम म्हणजे परवाना. आपल्या राज्यात दारू पिण्यास परवाना लागतो, हे तुम्ही सव्वीस वर्षांत मला एकदाही सांगितले नाहीत, यावरून तुमच्याकडे तो नाही असे मी धरतो. मी अर्ज केला, फोटो दिला, शुल्क भरले. परवान्यावर असे छापले आहे की, अर्जदारास प्रकृतिस्वास्थ्यासाठी मद्याची आवश्यकता आहे. ते वाक्य मी दोनदा वाचले आणि त्याखाली सही करताना प्रथमच मला वाटले की, सरकारला माझी थोडीफार माहिती असावी.

दुकान घराजवळचे नको होते. गंगापूर रोडवर दर तिसरा मनुष्य माझा विद्यार्थी निघतो. म्हणून मी बसने सातपूरला गेलो. तेथे पहिली पाळी सुटलेली होती आणि दुकानाच्या जाळीपुढे चाळीस-एक कामगार रांगेत उभे होते. मी रांगेत उभा राहिलो, परवाना हातात धरला. (रांगेत कोणाच्याही हातात परवाना नव्हता. माझ्या मागच्याने मला विचारले की, बाबा, रेशनचं दुकान पलीकडं हे, इकडं कशाला थांबले.) जाळीपर्यंत पोचलो तर आत झुंबर. ८८ च्या तुकडीतला, प्रथम वर्ष विज्ञान, रसायनशास्त्रात अठ्ठावीस गुण. त्याने मला पाहिले आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ओ, सरका जरा, आमचे सर हायेत. यांनी नापास केलं म्हणून तर मी या धंद्यात आलो." कामगारांनी माझ्याकडे आदराने पाहिले. तुमच्याशी खोटे का बोलू, इतका आदर मला पदवीदान समारंभातही मिळाला नव्हता. मी परवाना पुढे केला. झुंबरने तो उलटसुलट पाहिला, नोकराला दाखवला, आणि म्हणाला की, बारा वर्षं दुकान चालवतोय, ही वस्तू प्रथमच पाहतोय. मी त्याला प्रत्येक बाटलीचे घटक, काळ आणि प्रक्रिया विचारू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "सर, तोंडी परीक्षा नंतर घ्या, मागं लय गर्दी हे." शेवटी माझे अंदाजपत्रक ऐकून त्याने एकेक पाव बाटली, असे चार नमुने बांधून दिले.

परीक्षा-पद्धती मी विद्यापीठाचीच ठेवली. रंग दहा, गंध वीस, चव तीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळची स्थिती चाळीस. उत्तीर्णतेस किमान चाळीस. परीक्षकास परीक्षार्थीचे नाव कळू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळून क्रमांक घालायचे ठरवले. ते काम लंकाबाईकडे दिले. तिला अंक येत नाहीत, म्हणून तिने प्रत्येक बाटलीच्या गळ्यात चिंधीत बांधून एकेक दाणा अडकवला : तूर, मूग, वाटाणा, हरभरा. कोणत्या दाण्याखाली कोणती बाटली, हे तिने डोक्यात ठेवले आणि मला सांगण्यास सपशेल नकार दिला. इतका गोपनीय परीक्षा-विभाग मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

निकाल येणेप्रमाणे. (नावे कागद सोडल्यावर घातली आहेत.) तूर म्हणजे लेबलावर परदेशी किल्ला असलेली व्हिस्की; वास थेट प्रयोगशाळेतल्या लाकडी कपाटाचा, एकूण सव्वीस. मूग म्हणजे देशी संत्रा. संत्र्याचा संबंध केवळ वरच्या चित्रापुरता, आणि दुसरी सकाळ या सदरात मला शून्याखाली जाण्याची इच्छा झाली, परंतु नियमात तशी सोय नाही. वाटाणा म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या नव्या द्राक्षबागेची लाल वाइन, झुंबरने ओळखीखातर अर्ध्या दरात दिलेली. तिला पंचावन्न गुण पडले व ती उत्तीर्ण झाली. पण पूर्ण दर भरला तर माझे महिन्याचे सदर दोन संध्याकाळींत संपते, म्हणून प्रवेश नाकारावा लागला. हरभरा म्हणजे लाल टोपणाची एक रम. एकतीस. शेरा : 'उग्र, एकसुरी, आठवण ठेवण्यासारखे काही नाही.'

मधल्या एका रविवारी दुपारी बुधा आला. शेजारच्या बांधकामावर राखणीला असलेला हा गृहस्थ सुरगाण्याकडचा. लंकाबाईने त्याच्याकडे माझ्या संशोधनाचा बोभाटा केला असावा, कारण त्याने पाण्याच्या बाटलीतून मोहाची आणली होती, घरची, पैसे न घेता. मी त्याला सांगितले की, माझ्या परवान्यात घरगुती ऊर्ध्वपातनाचा समावेश होत नाही, तेव्हा मला फक्त वास घेता येईल. वास घेतला. गंधात वीसपैकी अठरा, हे गोरक्षराव, मी आजवर कोणालाही दिलेले सर्वाधिक गुण आहेत. बुधाने झाकणातून दोन थेंब अंगणात मातीवर सांडले, गेलेल्या माणसांच्या नावाने, आणि मग उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी विचारले, आता काय. तो म्हणाला, "सर, ही एकट्यानं नाय पेत. दोघं तरी पायजेत." मी त्याला समजावले की मद्याचे गुणधर्म पिणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नसतात. त्याने ऐकून घेतले आणि थोड्या वेळाने बाटली घेऊन निघून गेला. त्याला आत बोलवायला हवे होते, हे मला सायंकाळी सुचले. गुणपत्रिकेवर मी 'प्रात्यक्षिकास गैरहजर' असे लिहिले आहे. मात्र गैरहजर कोण, ते लिहिलेले नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे पत्र. काल, शनिवारी, सात वाजता, लंकाबाई पोळ्या लाटत असताना मी तिला हरभऱ्याची उरलेली बाटली मोरीत ओतण्यास सांगितले. तिने कागद सोडला, टोपण हातात घेतले आणि हसली. म्हणाली, "सर, हे उंटाचं टोपण तर आपल्याकडं हे. मिठाच्या बरणीत." मी बरणी उघडली. (त्या बरणीत मी जन्मात डोकावलो नव्हतो.) आत मिठावर तेच लाल टोपण, तोच उठावातला उंट. लंकाबाई पंधरा वर्षांची साक्षीदार आहे आणि उलटतपासणीत ती डगमगली नाही. तिचा जबाब शब्दशः देतो : "दाजी पिशवीतून काढायचे, ताई सरबताच्या बाटलीत ओतायच्या. मला म्हणायच्या, लंके, बोलायचं नाय. लेबल वाचलं का सरांच्या गळ्याखाली घोट उतरायचा नाय."

म्हणजे देवळाली नाही, कँटीन नाही, सुभेदार तर जन्मालाच आला नाही. सातपूरच्या पाळीवरचा कामगार जी विकत घेतो, ती सर्वांत स्वस्त रम तुम्ही आणि माझी पत्नी, दोघांनी संगनमताने, सव्वीस वर्षे एका मान्यताप्राप्त परीक्षकास पाजलीत. तिच्याकडून खुलासा मागविण्याची सोय राहिलेली नाही. म्हणून तो तुमच्याकडून मागवीत आहे.

आपला साडू (हे नाते ज्या व्यक्तीमुळे होते ती नसताना ते चालू राहते किंवा कसे, याबाबतही तुमचे मत कळवावे),

डॉ. चिमाजी देवरे
एम.एस्सी., पीएच.डी.

ता. क. : वरील मुद्दा चारमध्ये दुरुस्ती. पस्तीस हे गुण मी तोंडी जाहीर करीत असे. प्रत्यक्ष नोंदी माझ्या हिरव्या वहीत आहेत आणि काल रात्री जेवणानंतर मी त्या तपासल्या. १९७६ ते २००२, तीनशे सहा शनिवार, सरासरी एकाहत्तर. सर्वाधिक अठ्ठ्याऐंशी, त्या दिवशी तुम्ही ज्योत्स्नाला भाकरी थापायला शिकवण्याचा हट्ट धरला होता आणि तिने तुमची भाकरी खिडकीत वाळत घातली होती. वही तुम्हाला दाखविण्याचा माझा विचार नव्हता.

ता. क. दुसरा : एकच उत्तरपत्रिका, एकच परीक्षक, एकदा एकाहत्तर आणि एकदा एकतीस. अशा परीक्षकाचे नाव विद्यापीठ यादीतून काढून टाकते, आणि योग्यच करते. दोन तपासण्यांत इतका फरक पडल्यास ती उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे पाठविण्याचा नियम आहे. पेपर मोरीत ओतलेला नाही. त्या पाव बाटलीतला पाऊण भाग शिल्लक आहे. दुसऱ्या परीक्षकाची जागा पंधरा महिने रिक्त असून त्या जागेसाठी अन्य अर्ज आलेले नाहीत व मागविण्यातही येणार नाहीत. येत्या महिन्याचा पहिला शनिवार सहा तारखेस पडतो. नवी बाटली आणायची झाल्यास लेबलासकट आणावी. मी चष्मा काढून बसेन.

ता. क. तिसरा : मघाशी लंकाबाईला आमटीच्या मिठाबद्दल पुन्हा विचारले. ती म्हणाली, ताईंनी टोपणभर सांगितलं होतं, मी टोपणभरच घालते. डाळ मात्र तिने अर्धी केली आहे. म्हणजे गेली दोन वर्षे माझ्या घरी मीठ दोन माणसांचे शिजते आहे. तिला दिलेल्या चारही समजा मी मागे घेतल्या. परंतु टोपण बदलू नकोस, असेही बजावले. तेव्हा सहा तारखेस तुम्ही जेवायला आहात की नाही, हे लेखी कळवावे. फोनवरचा होकार ग्राह्य धरला जाणार नाही. पत्रात 'येतो' एवढा एकच शब्द असला तरी पुरे, पण तो तुमच्या हस्ताक्षरात हवा. वर वगळलेला शब्द वाचताना जागच्या जागी घालून घ्यावा, आणि उलट टपाली उत्तर पाठवावे.