माझं ऐकू नका

३ नोव्हेंबर
आलो एकदाचा कुडव्याला! पुतण्याने, खुशालने, खोली झकास लावून दिली आहे. नवी गादी, पंखा, खिडकीतून रस्ता दिसेल अशी खाट. त्याच्या बायकोने, दुर्गेश्वरीने, आल्या आल्या लाखोरीची डाळ आणि भात वाढला. दोनदा मागून घेतला.

जन्मभर आमगावच्या तहसीलीसमोर बसून लोकांचे दस्त लिहिले, मग स्वतःच्या म्हातारपणाचा दस्त कच्चा कसा राहील? केशोरीचं शेत बक्षीसपत्राने खुशालला दिलं. अट एकच, मरेपर्यंत मला सांभाळायचं. नाही सांभाळलं तर बक्षीसपत्र रद्द करायला एसडीओ साहेब बसलेच आहेत. पोरगी पुष्पांजली रायपूरला असते, तिच्या डोक्याला ताप नको.

९ नोव्हेंबर
या खोलीत आधी शालीकरामदादा होता, माझा थोरला भाऊ, खुशालचा बाप. गेल्या उन्हाळ्यात गेला. शेवटी त्याचं डोकं फिरलं होतं. पोटच्या पोरावर आळ घ्यायचा, 'ताकात काही टाकून राहिले' म्हणायचा. आम्ही हसून सोडून द्यायचो.

उद्या माझंही तसं झालं तर पोरांची बदनामी नको. म्हणून आज शहाणा आहे तोवरच लिहून, सही करून पुष्पांजलीला, इथल्या डॉक्टरांना आणि शेजारच्या हेमेंद्रला देऊन टाकलं: मी घरच्यांवर आळ घेऊ लागलो तर समजा, माझं डोकं गेलं. माझं ऐकू नका, खुशालचं ऐका. खुशालच्या डोळ्यांत पाणी आलं. असा दस्त जिल्ह्यात कुणी लिहिला नसेल, पैज लावतो.

२ डिसेंबर
दुपारचं ताक प्यालो की पाय उचलत नाहीत. दुर्गेश्वरी म्हणते, थंडी बाधली. मोबाइल दुरुस्तीला गेला तो गेलाच. खुशालला विचारलं तर म्हणाला, "काका, काऊन एकच गोष्ट घडीघडी विचारून राहिले?" मी तर पहिल्यांदाच विचारलं होतं. विचारलं होतं ना?

११ डिसेंबर
आज ताक गुपचूप मोरीत ओतलं. तर उठलो, चाललो. डोकं लख्ख.

दादा खरं बोलत होता. अरे देवा, दादा खरं बोलत होता आणि मी हसत होतो! शेत नावावर झालं. आता मी नुसता खर्च.

१२ डिसेंबर
खिडकीतून हेमेंद्रला हाक मारली, सगळं सांगितलं. माझा अर्ज एसडीओकडे ने म्हणालो, हात जोडले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमीच तं लिहून देल्लं ना जी." आणि खुशालला आवाज दिला.

आता दाराला बाहेरून कडी आहे.

२० डिसेंबर
डॉक्टर आले. माझाच कागद हातात. मी बोललो तेवढी मान हलवली, डोकं शांत ठेवायची गोळी लिहून दिली — ताक आता समोर बसून पाजतात —

२८ डिसेंबर
पुष्पांजली आली. शांत बोलायचं ठरवलं होतं. जीभ जड — ओरडलोच. ती माझा हात धरून रडली. म्हणाली, बाबा, तुम्ही सांगितलं होतं अगदी तसंच झालं. जाताना दुर्गेश्वरीच्या पाया पडली. माझी पोर, तिच्या पाया —

४ जानेवारी
ठरवलं. आळ घ्यायचा नाही, म्हणजे शहाणा ठरेन. आज पुष्पाचा फोन कानाला लावून दिला. म्हणालो, फार सेवा करतात ही माणसं. ती हसली, किती दिवसांनी — म्हणाली, औषध लागू पडलं बाबा! हेच चालू ठेवायला सांगते —

नाही. पुष्पा, नाही —

दुर्गेश्वरी पेला घेऊन आली. "पिऊन घ्या काकाजी, पुष्पाताईनंच सांगतलन." खुशालने डोकं धर