मेंदीखालचे हात

शिवलीलाताई,

केमोच्या गोळ्यांनी आईच्या तळहातांची, तळपायांची सालं निघतात. डॉक्टरांनी पाहिलं तर गोळ्या बंद करतील, या भीतीनं धाराशिवला जाताना तिनं हातांना मेंदी लावली, मोजे घातले. मला शपथ घातली, "गप बसायचं."

"मावशी, घरात लग्न आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय. लेकीचं."

तू पळून जाऊन लग्न केल्यापासून तिनं तुझा विषयही काढला नव्हता.

शपथ होती, म्हणून मी काहीच बोललो नाही. खाली बसून तिचा मोजा काढला. त्याला चिकटून कातडं आलं.

गोळ्या थोडे दिवस थांबवल्यात. आईनं माझ्याशी अबोला धरला होता. आज मी भाकरी थापत असताना मला म्हणाली, "तिला आत्ता नको कळवू. हात बरे होऊ दे, मग बोलव."

म्हणून हे पत्र तोवर माझ्याजवळच.

तुझा भाऊ,
महांतेश