पाऊण आटा

प्रिय दादा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतोय. आधीची दोन इथल्या वर्कशॉपचं वर्णन करता करताच संपली. मी सध्या एका बंदरावर आहे, मासेमारीच्या बोटींची इंजिनं खोलतो. ही माझी पाचवी नोकरी. फोरमन अर्धा बहिरा आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावून मूठ दातात धरतो आणि बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगतो. तुझं त्याच्याशी जमलं असतं. टर्बोचं काम आलं की मी लांब जातो. कारण विचारलं त्याने, तर अ‍ॅलर्जी आहे म्हणालो. त्याला ते खोकल्याचं वाटलं.

बघ, परत भरकटलो.

तुझ्या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला गाडीचा बूस्ट वाढवून हवा असायचा. तू त्याला स्टुलावर बसवायचास आणि सांगायचास की टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, जितकी जास्त कोंबाल तितका तो जास्त पळणार, आणि हद्दीबाहेर पळाला की फुटणार. मग बूस्टचा स्क्रू एक पॉइंट एकवर लावून स्क्रूपासून नटपर्यंत वहिनीच्या नेलपॉलिशची रेघ ओढायचास. कुणी छेडछाड केली तर रेघ तुटलेली दिसायची. वहिनी म्हणायची, माझ्यापेक्षा गाड्याच जास्त नटतात.

सगळ्यात जास्त पिरपिर बोंबल्याची. शाळेपासूनचा तुझा दोस्त, त्यामुळे तुला त्याला हाकलताही यायचं नाही. त्याचा टर्बो तू बसवलास त्या दिवशी तेलाच्या पाइपाचा नवा तांब्याचा वॉशर मिळाला नव्हता. तू जुनाच, मऊ पडून घट्ट बसावा म्हणून, लाल होईपर्यंत तापवलास, पाण्यात टाकलास आणि लावलास. असे कितीतरी लावले होतेस. मग तू जेवायला गेलास. बोंबल्या मला म्हणाला, "छोट्या, तुझा भाऊ भित्रा आहे. तू पण त्याच्यावरच गेलायस का?" मी पाना घेतला आणि स्क्रू पाऊण आटा आत घेतला. तो एक चक्कर मारून आला तेव्हा इतका हसत होता की मलाही हसू आलं. बूस्टचा काटा दीडच्या पुढे जात होता. म्हटलं, पुढच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला येईल तेव्हा गुपचूप मागे घेऊ.

चौथ्या दिवशी ट्रकला ओव्हरटेक करताना टर्बो फुटला. गाडीतला जोर गेला तेव्हा तो अर्ध्यावर होता, आणि समोरून बस येत होती.

तू हॉस्पिटलात त्याच्या आईजवळ बसला होतास. तुझ्याने गाडी बघवणार नव्हती म्हणून तू मला पाठवलंस. फोनवर एवढंच विचारलंस, "रेघ जुळतेय का? फोटो पाठव." मी बॉनेट उचकटलं. स्क्रू पाऊण आटा मागे फिरवला, रेघ जुळवली आणि फोटो पाठवला. फोटो बघून तू परत फोन केलास. म्हणालास, "म्हणजे माझा वॉशरच गळला. तेल मिळालं नाही टर्बोला." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. दोन महिन्यांनी जग बघायचंय सांगून निघालो. तू मला तुझं जाड जॅकेट दिलंस.

काल वहिनीचा फोन आला. तू त्याच्या आईकडे जाऊन, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला, असं सांगून आलास म्हणे. तिने दार लावून घेतलं. आता गॅरेज बंद करतोयस, हत्यारं खोक्यांत भरून ठेवलीयत. दादा, तो वॉशर कोरडा होता. मी बोट फिरवून पाहिलं होतं, बाहेर गळलेल्या तेलाचा थेंबही नव्हता. पंख्याची पाती मात्र हद्दीबाहेर पळून तुटून गेली होती. तुझ्या हाताने काही चुकलं नव्हतं, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं. शनिवारी पोचतोय. आधी त्याच्या आईच्या दारात जाईन, मग तुझ्या. तूही दार लावलंस तर मी बाहेर उभा राहीन. पण तोवर तुझे पाने कुणाला देऊन टाकू नकोस.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
छोट्या