कवळ्यांचा कारखाना ठकीला

मी, खाली सही करणारी, कवळ्या बनवणाऱ्या कारागिराची धाकटी लेक आणि स्वतःही तेच काम करणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. बिघाड पोटात आहे, तो उद्या डॉक्टर काढणार आहेत. उद्याच कोर्टात तारीखही आहे, म्हणून हे आजच उरकते.

१. बाबांनी आपल्या मृत्युपत्राने कारखाना मला दिला. मी त्यांना फितवलं, असा कांगावा दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने केला आणि वारसा कोर्टातला दावा वरच्या कोर्टात वर्ग करून घेतला. वरचे म्हणाले, आधी खाली मिळकतीची मोजदाद होऊ द्या. दावा खाली आला. दादाने पुन्हा वर नेला, पुन्हा परत आला. दर खेपेला कोर्टाने नेमलेला कारभारी बदलला आणि नव्या कारभाऱ्याने कारखान्याच्या दारावर जुन्याच्या कुलपाशेजारी आपलं कुलूप ठोकलं. गिऱ्हाइकांच्या तयार कवळ्या आत अडकल्या त्या अडकल्याच. शेजारच्या शिक्षिकाबाईंची कवळीही आतच, त्या शेवटपर्यंत तोंडावर हात धरून बोलायच्या. त्या तशाच गेल्या, आणि तो राग माझ्या मनातून जात नाही.

२. दावा पुन्हा वर न्यायचा दादाचा अर्ज उद्या सुनावणीला आहे. माझं काही बरंवाईट झालं तर त्याला रान मोकळं! ते मी होऊ देणार नाही. कारखान्यावरचा माझा सगळा हक्क, हत्यारं, साचे, राहतं घर आणि या दाव्यातली माझी जागा मी दादाच्या मुलीला, ठकीला देत आहे. काम तिला मीच शिकवलंय. यापुढे भांडायचंच असेल तर दादाने पोटच्या पोरीशी भांडावं.

ठकी म्हणाली, "आत्या, बाबा मला घरात घेणार नाहीत गं."

"नाही घेतलं तर इथे ये. घर तुझंच आहे."

ती रडली. मलाही भरून आलं, पण कलम बदललेलं नाही.

३. बँकेतली शिल्लक दवाखान्याचं बिल भागवून उरली तर ठकीची. शिलाई मशीन वहिनीला. ती 'चार दिवसांसाठी' म्हणून तिने कधीच नेली आहे, कोणी परत मागू नये.

४. दादाच्या वकिलांना माझ्या अंत्ययात्रेला बोलावू नये. तिथेही पुढची तारीख मागतील.

५. एक साक्षीदार आमचे नेहमीचे डॉक्टर; दुसरा म्हणून मुद्दाम दादालाच बोलावलं आहे. त्याच्या डोळ्यांदेखत सही झाली की मला कोणी फितवलं म्हणायला जागा नको. तो सही करेल की कागद फाडेल, देव जाणे.

सह्यांआधीची पुरवणी: दादा आला. उभ्यानेच सगळं वाचलं. ठकीच्या नावापाशी थांबला, माझ्या शेजारी बसलेल्या तिच्याकडे बघत राहिला.

मी म्हटलं, "बोल ना, काय ते एकदाचं बोलून टाक."

"तुला ऑपरेशनला आत कधी नेणार?"

"कोर्ट भरतं तेव्हाच."

त्याने खुर्ची ओढली, माझ्याकडून पेन घेतलं.

"मग तारखेला नाही जात मी. दवाखान्यात येतो."

लिहून देणार: धाकटी लेक (सही)
साक्षीदार: नेहमीचे डॉक्टर (सही)
साक्षीदार: थोरला भाऊ (सही)
ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी