एकाच टेबलावर चालणारा प्रोग्राम

चि. धाकट्या,

ताईचा आशीर्वाद, आणि तुझा कानही धरलाय असं समज. फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून लिहिते आहे.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण ऑफिसात लिफ्ट आहे. आईचं बीपी कसं आहे?

तुझा तो दवाखान्याच्या नोंदींचा प्रोग्राम आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मोठ्या बाईंना दाखवला. त्यांच्याच केबिनची फरशी मी पुसते. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो उघडलाच नाही. शेवटी कोपऱ्यातल्या एका जुन्या डबड्यावर उघडला. मग बाईंनी सगळ्यांना हाका मारल्या, "अरे या, बघा, हा अजून जिवंत आहे!" पोरं पोट धरून हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

तरी लाज सोडून विचारलं, "भावाला नोकरी द्याल का?" बाई म्हणाल्या, "एकाच टेबलावर चालणाऱ्या प्रोग्रामचे दिवस गेले, मावशी. आता सगळं ब्राउझरमध्ये चालतं, ते शिकू दे. साठवलेल्या नोंदी शोधायची ती एसक्यूएल भाषा त्याला छान येते, ती मात्र सोडू नको म्हणावं." हे शब्द त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले, त्यावरून उतरवलेत.

वीस वर्षांत तेवढंच काय ते कामाचं शिकलास. बायको अजून तुला इंजिनिअर म्हणते का? म्हणू दे बिचारीला.

सहा महिन्यांनी पुन्हा दाखव म्हणाल्यात. तोवर शिकलास तर बरं. नाहीतर माझ्या हाताखाली संडास धुवायला माणूस हवाय, तिथे तुझं नाव देऊन ठेवलंय.

जेवत जा वेळेवर.

तुझीच,
ताई