भिजल्या मिरचीची बातमी

धानोरा, ता. जि. नंदुरबार
१५ मार्च

प्रिय रंजिता,

काकाचं पत्र पाहून तू पाकीट दोनदा उलटंपालटं केलं असशील. हातात फोन असताना हा माणूस पोस्टात कशाला गेला, असंही वाटलं असेल. अगं, फोनवर तू 'हं', 'बरं', 'ठेवते' यापुढे जात नाहीस, आणि माझीही जीभ रेटत नाही. डिसेंबरपासून आपलं हे असंच चाललंय. माझ्या एका वाक्यामुळे तुला बातमीदारीवरून उठवलं आणि पडद्यावर खाली पळणाऱ्या ओळी लिहायला बसवलं, हे मला तुझ्या वडिलांकडून कळलं. मार्चअखेर तुझं तिथलं वर्ष भरतं, आणि ठेवायचं की घरी पाठवायचं ते तेव्हा ठरणार, हेही त्यांनीच सांगितलं. तू चकार शब्द काढला नाहीस. आज सकाळपासून हा माझा चौथा कागद आहे. पहिले तीन तुझ्या काकूने चुलीत घातले. त्यांत नुसतं हवापाणीच होतं, असं तिचं म्हणणं.

तू मला लहानपणापासून शंकासुर म्हणत आलीस. तो शंकासुर सध्या बातम्यांच्या मागे लागलाय. खरं सांगू? तुला खोटं पाडायलाच मी हे सुरू केलं. एक वही घेतली, दोन चॅनेल आणि एक पेपर ठरवून घेतला, आणि रोज काय म्हणाले नि पुढे काय झालं ते लिहायला लागलो. गंमत सांगतो. दुष्काळाची बातमी आली की ते एक भेगाळलेली जमीन दाखवतात, डाव्या कोपऱ्यात निळी रबरी चप्पल पडलेली. तीच जमीन आणि तीच चप्पल मी तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या नावाने पाहिली. ती कुणाची असेल, याचा मी आठवडाभर विचार करत होतो. फेब्रुवारीत नंदुरबारला एका पक्षाची सभा झाली. एका चॅनेलवर खुर्च्या रिकाम्या, दुसऱ्यावर मुंगी शिरायला जागा नाही. मी स्वतः गेलो होतो. दहा वाजता खुर्च्या रिकाम्या होत्या आणि बारा वाजता खरंच जागा नव्हती. दोघांनीही खोटं दाखवलं नाही, फक्त एक लवकर आला आणि एक उशिरा. 'मिरची भडकली, गृहिणी हवालदिल' अशी ओळ ज्या दिवशी पळत होती, त्याच दिवशी इथल्या बाजारात ओली मिरची विकणारे कपाळाला हात लावून बसले होते. अर्थव्यवस्था वाढली अशी बातमी आली तेव्हा तुझी काकू भाकरी थापता थापता म्हणाली, "वाढनी म्हंतस, पन कोनी वाढनी?" कुणाची वाढली, हा तिचा प्रश्न मी वहीत लिहून ठेवलाय. उत्तर अजून कुठल्याच चॅनेलवर मिळालं नाही.

पण हवामानाच्या पानावर माझी पंचाईत झाली. मुंबईत बसून हे लोक उंटावरून शेळ्या हाकतात, दर आठवड्याला आभाळ पाडतात आणि आपल्याकडे थेंब पडत नाही, हे माझं ठाम मत तुला ठाऊकच आहे. डिसेंबर ते आजपर्यंत त्यांनी आपल्या जिल्ह्याला सहा वेळा पावसाचा इशारा दिला. दोनदा धानोऱ्यात पडला. राहिलेल्या चार वेळांचं मी फोन करकरून विचारलं. एकदा प्रकाशाला पडला होता, एकदा शहाद्याच्या पुढे, एकदा वर सातपुड्यात. एकदाच कुठेही नाही. जुना मगन असता तर 'सहापैकी चार वेळा खोटं' असं चहाच्या टपरीवर सांगून मोकळा झाला असता, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. जिल्हा म्हणजे आपलं अंगण, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो. पासष्टाव्या वर्षी हे कळलं याचं मला हसू आलं, आणि मग बराच वेळ हसू आलं नाही.

कारण तो डिसेंबरचा दिवस. तू तीन दिवसांसाठी घरी आली होतीस. आदल्या दिवसापासून टीव्ही अवकाळीचा इशारा देत होता आणि तूही जेवताना म्हणालीस, काका, मिरची झाकून घ्या. मी तुझी चेष्टा केली. मिरची वाळवायच्या आपल्या मोकळ्या जागेत, पथारीवर, माझी मिरची पसरलेली होती, आणि विहिरीकडच्या कोपऱ्यात रूपलीबाईच्या बचत गटाची. आठ बायकांनी पहिल्यांदाच स्वतःची ओली मिरची घेऊन वाळत घातली होती. सकाळी रूपलीबाई विचारायला आली, "आप्पा, मिरच्या झाकी टाकूत का?" मी म्हटलं, "टीव्हीवालास्ना काय भरोसा? ऱ्हाऊ द्या तश्याच." दुपारी तीनला जे कोसळलं ते तू पाहिलंच आहेस. ताडपत्र्या आणेपर्यंत मिरची पाण्यावर तरंगत होती. पाऊस थांबल्यावर मी बांधावर बसलो होतो आणि उपरण्याने डोळे पुसत होतो, ते तू तुझ्या चॅनेलसाठी टिपलंस. बातमीत तू एवढंच म्हणालीस, की इशारा होता, तो ऐकला गेला नाही, आणि आता डोळ्यांत पाणी आहे. माझं नावही घेतलं नाहीस.

पण गावात डोळे सगळ्यांना आहेत. दुसऱ्या दिवशी टपरीवर गावातल्या नवनीतने सगळ्यांसमोर विचारलं, काय मगनशेठ, टीव्हीवर रडलात म्हणे? त्याच्या हातातल्या फोनवर चित्रीकरण चालू होतं. मी ताठ्यात म्हणालो, "मिरचीच्या पथारीवर कोणाच्या डोळ्यांना पाणी येत नाही? बातमी खोटी आहे." एवढंच ते वाक्य. दोन दिवसांत ते जिल्हाभर फिरलं. आधी एका पक्षाने माझे अश्रू सरकारच्या नावावर टाकले होते, आता दुसऱ्या पक्षाने माझं वाक्य उचलून चॅनेलला झोडपलं. मी एकटाच माणूस, दोन्ही बाजूंना पुरलो. मग तुमच्या चॅनेलने दिलगिरी दाखवली आणि बातमी काढून टाकली. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं, हे लपवत नाही. टपरीवर आठवडाभर चहाला मला कुणी खिशात हात घालू दिला नाही.

पंचनाम्याला तलाठी आला तेव्हा त्या बायकांना म्हणाला, नुकसानीची बातमी तर खोटी होती ना, तुमच्या आप्पांनीच सांगितलंय. तो मला खात्री करून घ्यायला आला. मी 'कोपऱ्यात थोडी भिजली असेल' असं पुटपुटलो, आणि पंचनाम्यात तेवढंच उतरलं. यंदा ऊसतोडीला गुजरातेत जायचं नाही, इथेच मिरची वाळवायची, असं त्या आठ जणींनी ठरवलं होतं. मिरचीला बुरशी लागली, ती उकिरड्यावर गेली, आणि संक्रांतीआधी आठांपैकी सहा जणी पोरंबाळं घेऊन गुजरातेत गेल्या. जाताना रूपलीबाई भांडली नाही. "तुम्ही सांगं म्हनीसन आम्ही थांबनूत," एवढंच बोलली.

तुझ्या काकूने मात्र मला सोडलं नाही. परवा ती मिरच्यांची देठं खुडत बसली होती. मान खाली ठेवूनच म्हणाली, "भिजेल मिरचीना कधी ठसका लागस का? तुमना डोयामा काय गयं व्हतं?" रंजिता, वाळक्या मिरचीची धूळ डोळ्यांत जाते. पाण्यावर तरंगणारी मिरची कुणाच्या डोळ्यांत जाईल? हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. टपरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नवनीतला, तलाठ्याला, दोन्ही पक्षांच्या इथल्या पोरांना. कुणी विचारलं नाही, कारण ज्याला जे ऐकायचं होतं ते त्याला मिळालं होतं. बातम्यांवर एवढा संशय घेणारी आम्ही माणसं, आणि आपल्याच माणसाचं धडधडीत खोटं चहाबरोबर गिळून बसलो.

आता जे काकूलाही सांगितलं नाही ते लिहितो. पथारीवरची माणसं सकाळी एक वाळकी मिरची मुठीत घेतात आणि कानाशी हलवतात. आतलं बी खुळखुळलं तर हवा कोरडी. मिरची चामड्यासारखी मऊ पडली आणि आवाज आला नाही, तर पाऊस जवळ आहे. हे मला कुठल्या चॅनेलने शिकवलेलं नाही, चाळीस वर्षं मी तेच करतो. त्या दिवशीही केलं. रूपलीबाई यायच्या आधी तीन मिरच्या घेतल्या आणि तिन्ही मुक्या होत्या. पाऊस येणार हे मला माझ्या हाताने सांगितलं होतं, पोरी. टीव्हीने सांगितलं नसतं तर मी सहा वाजताच ताडपत्र्या ओढल्या असत्या. टीव्ही सांगतो म्हणून मी माझ्या हातावर विश्वास ठेवला नाही. बांधावर मी त्यासाठी रडत होतो. माझी मिरची गेली त्याचं काही नाही, पुढच्या वर्षी पुन्हा घालीन. त्या बायकांनी मला विचारलं होतं, आणि मी माझा ताठा त्यांच्या मिरचीवर पसरला.

आणि तू. तू नंदुरबारची पोरगी, याच पथारीवर लहानाची मोठी झालीस. भिजली मिरची डोळ्यांना लागत नाही, हे एक वाक्य तू साहेबांना सांगितलं असतंस तर त्याच दिवशी सुटली असतीस. पण मग काका खोटा ठरला असता, म्हणून तू गप्प बसलीस. हे मला परवा काकूच्या प्रश्नानंतर कळलं, आणि तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. मला माफ कर. काल मी टपरीवर जाऊन नवनीतला फोन चालू करायला लावला आणि बातमी खरी होती, खोटं मी बोललो, असं त्याच्यासमोर सांगितलं. चहा कुणी पाजला नाही. तलाठ्यालाही सहीनिशी लिहून दिलंय. पण ते फिरेल की नाही कुणास ठाऊक, असल्या गोष्टी कुणी पुढे पाठवत नाही. म्हणून हे पत्र लिहिलं. मार्च संपायच्या आत ते तुझ्या साहेबांच्या टेबलावर ठेव. तुझी बातमी खरी होती. फक्त एक गोष्ट राहिली, तुझ्याकडूनही आणि माझ्याकडूनही. ज्यांची मिरची गेली त्यांना कुणीच विचारलं नाही. एकदा खोटं बोललेल्या म्हाताऱ्यावर आता का विश्वास ठेवायचा, असं साहेब म्हणाले तर ते बरोबरच आहे, ठेवू नका म्हणावं. रूपलीबाईला विचारा. तिचा नंबर पाकिटातल्या वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय. ती अजून सुरतेकडे उसाच्या फडावर आहे, फोन दुपारी भाकरी खाताना तेवढा उचलते.

तुझाच,
मगनकाका