रिकामी पाकिटं

ती. वन्संना नमस्कार.

शाळेत खडूचे दोन खोके आले, साडेतीनशेला. एक फळा आला, नऊशेला. खडू लागतातच. फळा कशाला, ते मॅनेजरांनी तो दारात टांगल्यावर कळलं. त्यावर माझ्या हिशेबाच्या वहीतून काढलेली, फी थकलेल्या मुलांची नावं!

शाळा काढलीत तेव्हा तुमचाच नियम होता. फीच्या दिवशी प्रत्येकाने पेटीत नाव लिहिलेलं बंद पाकीट टाकायचं, जमत नसेल त्याने रिकामं. कोणाचं रिकामं, ते हिशेब ठेवणारी मी आणि देव, दोघांनाच ठाऊक.

मॅनेजर वाईट नाहीत हो. म्हणाले, "काकू, शिक्षकांचे पगार काय रिकाम्या पाकिटांतून देऊ?" काळजी खरी आहे. पण शिवणवाल्या बाईंची मुलगी स्वतःचं नाव वाचून दारातूनच परत गेली.

मी म्हटलं, "ऑफिसच्या नव्या खुर्च्या थांबवा, पगार निघतील. फळा उतरवा."

"मोठ्या बाईंची सही आणा."

सही मागायलाच लिहायला बसले. पण टपाल पोचेपर्यंत पोर शाळा विसरायची. म्हणून उद्या प्रार्थनेआधी फळा मीच उतरवते, तिला घरून घेऊन येते, आणि मगच हे पत्र टाकते.

रागावलात तर उलटटपाली चार ओळी लिहा. नसलात, तर नुसतं रिकामं पाकीट पाठवा. मला कळेल.

तुमची धाकटी भावजय